‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी की शिक्षा? आणि आपल्या भागात याला काय म्हणायचं?

वडगावची_बाई

नमस्कार मंडळी. मी बेळगावात अकरावी-बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. बरीच मुलं येळ्ळूर, कंग्राळी, उचगाव या बाजूची, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. हुशार आहेत, पण अकरावीत सगळंच एकदम इंग्रजीत आलं की बिचकतात.

परवा एका उताऱ्यात ‘लोन सँक्शन झालं’ अशा अर्थाचं वाक्य होतं. मी फळ्यावर ‘सँक्शन : मंजुरी’ लिहिलं. पुढच्याच पानावर दक्षिण आफ्रिकेवरच्या ‘सँक्शन्स’ आल्या. एका मुलीने हात वर करून विचारलं, “बाई, त्या देशाला कसली मंजुरी दिली?” वर्गात कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांना तोच प्रश्न पडला होता.

शब्दकोशात दोन्ही अर्थ आहेत हे मला माहीत आहे, मुलांनाही सांगितलं. पण ‘दोन अर्थ आहेत, पाठ करा’ एवढ्यावर त्यांना सोडायचं मला पटत नाही. परवानगी देणं आणि दंड करणं ही दोन टोकं एका शब्दात कशी आली? दुसरं म्हणजे मराठीत कोणता शब्द द्यावा? मंजुरी, मान्यता, परवानगी, संमती, अनुमोदन असे पाच तर माझ्याच वहीत झालेत. आपल्याकडे घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि कागदावर इंग्रजी, त्यामुळे मुलांच्या उपयोगाचं उत्तर हवं आहे.

तिसरे_रेल्वे_गेट

मंजुरी मिळेपर्यंत जे हेलपाटे घालावे लागतात तीच शिक्षा की हो बाई! दोन्ही अर्थ जुळले.

मार्कंडेय

बाई, प्रश्न फार चांगला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मूळ लॅटिन क्रियापद ‘सांकिरे’. अर्थ : एखादी गोष्ट पवित्र करणं, तिला कुणी हात लावू नये अशी करून ठेवणं. त्याचंच भूतकाळी रूप ‘सांक्तुस’, ज्यातून इंग्रजीतला ‘सेंट’ आला, ‘सँक्च्युअरी’ आली. म्हणजे दांडेलीचं अभयारण्य आणि बँकेचं सँक्शन लेटर एकाच घरातले.

आता रोमन लोकांनी कायदा ‘पवित्र’ कसा केला ते पाहा. कायदा लिहिल्यावर त्यात एक कलम घालत : जो हे मोडील त्याला अमुक दंड. त्या कलमाचं नाव ‘सांक्तिओ’. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी जे पाठ्यपुस्तक तयार करवून घेतलं, त्यात हे स्वच्छ सांगितलंय की कायद्याच्या ज्या भागात तो मोडणाऱ्यांसाठी शिक्षा ठरवलेल्या असतात त्याला सांक्तिओ म्हणायचं. त्याच ठिकाणी शहराच्या भिंती आणि वेशी याही ‘सांक्त’ म्हटल्यात, कारण त्यांना धक्का लावणाऱ्याला मृत्युदंड होता.

म्हणजे सुरुवातीला दोन अर्थ नव्हतेच. ‘हे आता पक्कं झालं, मोडाल तर भोगाल’ असा एकच सलग अर्थ होता. पुढे युरोपात धर्मपीठाचे आणि राजांचे मोठे हुकूम ‘सँक्शन’ म्हणवले जाऊ लागले. १७१३ मध्ये ऑस्ट्रियाच्या सहाव्या चार्ल्सने मुलगा नसेल तर आपल्या मुलीला गादी मिळावी म्हणून (मारिया थेरेसा तेव्हा जन्मलीही नव्हती) काढलेला हुकूम ‘प्रॅग्मॅटिक सँक्शन’ म्हणून इतिहासात प्रसिद्ध आहे. तिथे अर्थ ना परवानगी ना शिक्षा, नुसता ‘अटळ हुकूम’. इंग्रजीत क्रियापद म्हणून ‘मंजूर करणे’ हा अर्थ अठराव्या शतकाच्या शेवटी रुळला. ‘दंड करणे’ या अर्थाचं क्रियापद मात्र अगदी अलीकडचं, विसाव्या शतकाच्या मध्यावरचं.

मुलांना सांगा की एका दोरीची दोन टोकं वेगवेगळ्या लोकांनी धरली. कारकुनाने ‘पक्कं झालं’ हे टोक धरलं, राजकारण्यांनी ‘भोगाल’ हे.

वडगावची_बाई

मार्कंडेय सर, मनापासून आभार. ‘वेशीला धक्का लावला तर शिक्षा’ हे मुलांना लगेच कळेल.

गिरणीवाला_नंदगड

मी शिकलेला कमी, पण हा शब्द माझ्या घरात दर महिन्याला येतोय. वीजबिलावर. माझी पिठाची गिरणी आहे, शेजारी मिरची कांडपाचं यंत्र. बिलात कन्नड ओळी आहेत, आणि त्यातच एका रकान्यात ‘सँक्शन्ड लोड’ म्हणून आकडा. म्हणजे कंपनीनं मला किती भार मंजूर केलाय तो.

मागं मिरचीच्या हंगामात मी जुनी मोटार काढून मोठी बसवली. भार वाढवून घ्यायचा अर्ज द्यायचा राहिला. तपासणीला लोक आले, मोटारीच्या पाटीवरचा आकडा लिहून घेतला आणि जादा भाराचा दंड लावून नोटीस दिली. तेव्हा तिथल्या माणसानं बोट ठेवून दाखवलं, “हा तुमचा सँक्शन, आणि याच्या वर गेला म्हणून हा दंड.” एका कागदावर दोन्ही! मार्कंडेय सर सांगायलेत ते मला पटलं बघा. मंजुरीची रेघ मारली की रेघेपलीकडं दंड आपोआप आला.

वकीलकाका

गिरणीवाले, तुमचा अनुभव थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेला विषय आहे. ओडिशातल्या एका भात गिरणीच्या खटल्यात २०११ मध्ये न्यायालयाने ठरवलं की मंजूर भारापेक्षा जास्त वीज ओढणं हा वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली ‘अनधिकृत वापर’ होतो. त्या कलमात आकारणी लागू दराच्या दुप्पट आहे. तेव्हा मोटार बदलण्याआधी अर्ज द्यायचा, नंतर नाही. वाचणाऱ्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवा, विशेषतः गुऱ्हाळं आणि गिरण्या चालवणाऱ्यांनी.

बाई, आमच्या कोर्टात या शब्दाचं तिसरंच रूप दिसतं. सरकारी नोकराने कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल खटला भरायचा तर आधी सरकारची ‘सँक्शन’ लागते. फौजदारी प्रक्रिया संहितेचं ते कलम १९७. लाचलुचपतीच्या खटल्याला १९८८ च्या कायद्याचं कलम १९. म्हणजे इथे सँक्शन ही मंजुरीच आहे, पण कशाची? शिक्षेच्या वाटेवर पाऊल टाकायची! पक्षकार हमखास गोंधळतात. “साहेबांवर सँक्शन आली” असं ऐकलं की त्यांना वाटतं साहेबाला शिक्षा झाली. खटला अजून उभाही राहिलेला नसतो.

कुंदा_मांडे

मराठीतही असे शब्द आहेत की! आपण नारळ ‘वाढवतो’ म्हणजे फोडतो. बांगडी ‘वाढवली’ म्हणजे फुटली. पानात भात वाढवला तर मात्र जास्त आला. माझ्या मुंबईत वाढलेल्या सुनेला पहिल्या वर्षी सासूबाईंनी “नारळ वाढव गं” म्हटलं, तर ती पिशवीतून दुसरा नारळ घेऊन आली.

तिसरे_रेल्वे_गेट

मग दोन्ही वाढवले की नाही? खोबरं वाया घालवू नये.

मार्कंडेय

कुंदा-मांडे ताई, किस्सा झकास. पण माझ्या मते ही जात वेगळी. तिथे ‘फोडणे’ हा अशुभ शब्द तोंडातून निघू नये म्हणून मुद्दाम उलटा शब्द वापरला, जसं दिवा विझला न म्हणता मालवला म्हणतो. सँक्शनमध्ये असं कुणी काही झाकलेलं नाही. दोन्ही अर्थ मुळातच एका पोटात होते. तशा जातीचा मराठी शब्द शोधायला हवा.

हलशीकर

तसा शब्द आहे, आणि तो आपण रोज वापरतो : शासन.

‘महाराष्ट्र शासन’ म्हणजे सरकार. ‘त्याला शासन झालं पाहिजे’ म्हणजे शिक्षा. धातू एकच, शास् : शिकवणे, हुकूम देणे, शिक्षा करणे. शास्त्र, शिष्य, अनुशासन सगळे त्याचेच. बाई, तुमच्या वर्गातली मुलं शिष्य म्हणजे शब्दशः ‘ज्यांना शासन करायचं ते’, पण हे त्यांना सांगू नका!

आता आमच्या गावाकडे या. खानापूर तालुक्यातलं हलशी म्हणजे प्राचीन पलाशिका, कदंब राजघराण्याची दुसरी राजधानी. आज लोक भूवराह नरसिंहाच्या देवळासाठी येतात, पण अभ्यासकांना हलशी माहीत आहे ती तिथे सापडलेल्या कदंबांच्या ताम्रपटांमुळे. साधारण पाचव्या-सहाव्या शतकातले, संस्कृत. काकुस्थवर्म्याचा आहे, मृगेशवर्म्याचा, रविवर्म्याचा आहे. बहुतेक दानं जैन संस्थांना जमिनीची. अशा दानपत्राला ‘ताम्रशासन’ म्हणतात. म्हणजे जमीन मंजूर केल्याचा तांब्यावरचा कागद. आजच्या भाषेत सँक्शन ऑर्डर.

आणि त्या शासनाच्या शेवटी काय असतं? शापाचे श्लोक. त्यातला सगळ्यात ठरलेला असा :

स्वदत्तां परदत्तां वा यो हरेत वसुन्धराम्।
षष्टिवर्षसहस्राणि नरके पच्यते तु सः॥

स्वतः दिलेली असो की दुसऱ्याने दिलेली, ती जमीन जो हिसकावून घेईल तो साठ हजार वर्षं नरकात शिजत राहील. ‘स्वदत्तां’ हा शब्द लक्षात घ्या. ज्या राजाने दिली त्याने स्वतः परत घेतली तरी सुटका नाही. वर मंजुरी, खाली शिक्षा, एकाच पत्र्यावर. रोमच्या सांक्तिओचं काम आपल्याकडे या श्लोकाने केलं. फरक एवढाच की तिथे शिक्षा राजाची, इथे परलोकातली, कारण उद्या राजाच बदलला तर त्याला कोण शिक्षा करणार?

संस्कृत न कळणाऱ्यांसाठी कोकणात, गोव्यात आणि महाराष्ट्रात गधेगाळ रोवले. दगडावर वर चंद्र-सूर्य, मधे लेख, खाली गाढव आणि बाई. चंद्र-सूर्य म्हणजे ‘तोवर हे दान टिको’, गाढव म्हणजे दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी. निरक्षर माणसालाही मंजुरी आणि तिची शिक्षा दोन्ही एका नजरेत वाचता यावीत असा तो दगड.

वडगावची_बाई

हलशीकर, अंगावर काटा आला. मुलं दरवर्षी सहलीला हलशीला जातात आणि देवळाच्या पायरीवर डबा खाऊन परत येतात. यंदा हा श्लोक पाठ करवून नेते.

घटप्रभा

मी गोकाकची, माहेर कन्नड, सासर मराठी. हलशीकर सरांच्या ‘शासन’मध्ये एक भर घालते. आमच्या कन्नडमध्ये ‘शासन’ म्हटलं की पहिल्यांदा शिलालेखच डोळ्यांपुढं येतो, ‘शिलाशासन’. आमदाराला ‘शासक’ म्हणतात, कायदे करणारा म्हणून. सरकारला मात्र ‘सरकार’च. त्यामुळं महाराष्ट्राच्या पाट्यांवर ‘शासन’ वाचलं की सुरुवातीला मला वाटायचं इथं कुठलातरी शिलालेख आहे!

बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं मत ‘मंजूर’. कारण सोपं आहे, कन्नडमध्येही तोच शब्द आहे. मंजूरु, मंजूराती. ‘परवानगी’सुद्धा कन्नडमध्ये ‘परवानगी’च. कचेरीच्या शब्दांत आपली दोन्ही घरं एकच आहेत बघा : अर्ज – अर्जी, नक्कल – नकलु, कचेरी – कचेरी, वसुली – वसूली, दाखला – दाखले, शिरस्तेदार तर तसाच. सासरे तालुक्याला गेले की कन्नड येत नाही म्हणून कधी अडले नाहीत. “अर्जी मंजूर आग्यदे?” एवढं विचारायचे, काम होऊन जायचं.

शुद्धमराठी

घटप्रभाताई, तुमचा अनुभव मान्य. पण हे सगळे फारसी-अरबी शब्द. मराठीचा स्वतःचा ‘मान्यता’ असताना ‘मंजूर’ का? मुलांना चांगलं मराठी द्यायचं तर संस्कृतातून आलेलं द्यावं. सीमाभागात भाषा टिकवायची तर तिच्या शुद्धतेकडे जास्तच लक्ष हवं, असं मला कळकळीने वाटतं.

मार्कंडेय

तुमची कळकळ समजते, पण मी सहमत नाही. ‘मंजूर’ आपल्याकडे कित्येक पिढ्या वापरात आहे. भजनी मंडळाच्या सभेतही ‘ठराव एकमताने मंजूर’ असंच लिहितात. आणि या शब्दाची जडण पाहा. अरबीत ‘नजर’पासून ‘मंजूर’, म्हणजे ‘नजरेखालून गेलेलं, पाहिलेलं’. साहेबाने कागद पाहिला, म्हणजे तो मंजूर. परदेशी जायला लागतो तो ‘व्हिसा’ लॅटिनमधला, त्याचाही अर्थ ‘पाहिलेलं’, मूळ शब्दप्रयोग ‘कार्ता विसा’, पाहिलेला कागद. दोन दूरच्या भाषांना एकच गोष्ट सुचली हे मला फार सुंदर वाटतं.

‘रजा’ही तसाच. मूळ अरबी अर्थ राजीखुशी, संमती. आपण ‘रजा घेतो’ म्हणजे खरं तर साहेबाची संमती घेतो.

अर्थाच्या बाजूने बोलायचं तर हे पाचही शब्द सारखे नाहीत. संमती बरोबरीचा माणूस देतो, परवानगी वरचा देतो. अनुमोदन म्हणजे दुसऱ्याच्या बोलण्यात आनंदाने सामील होणं, म्हणून सभेत सूचक वेगळा आणि अनुमोदक वेगळा. मान्यता शाळेला मिळते, पदवीला मिळते, तिथे पैशाचा संबंध नाही. पैसा, पद, भार, नकाशा अशी मोजता येणारी गोष्ट अधिकाराने द्यायची तिथे ‘मंजुरी’. कर्जाला मान्यता मिळाली असं कुणी म्हणतं का?

शुद्धमराठी

शेवटचा मुद्दा पटला. कर्ज मंजूरच होतं. पण शाळेला मान्यताच राहू द्या.

चंदगडी_पाहुणा

ओके!

(या शब्दाचीही गोष्ट आहे. १८३९ मध्ये बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात ‘ऑल करेक्ट’ मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने लिहून त्याची आद्याक्षरं छापली, ती ओके. पुढच्या वर्षीच्या अमेरिकेच्या निवडणुकीत ती गाजली. आता आमच्या म्हशीलाही कळतं.)

पतसंस्थेतली_ताई

मंडळी, शब्द सुंदर आहेत, पण माझ्या टेबलावर या शब्दापायी माणसं रडलेली पाहिलीत, म्हणून थोडं कर्जाबद्दल बोलू द्या.

आमच्या भागात ‘सँक्शन झालं’ म्हणजे ‘पैसे आले’ असं समजतात. तसं नसतं. सँक्शन लेटर हातात घ्या आणि शांतपणे वाचा. वर तारीख आणि संदर्भ क्रमांक, मग मंजूर रक्कम, व्याजदर, मुदत, हप्ता. लोक इथवर वाचतात आणि घडी घालून खिशात ठेवतात. खरं पत्र त्याच्या खाली सुरू होतं. गहाणखत करून द्यायचं, जामीनदारांच्या सह्या हव्यात, विमा उतरवायचा, उताऱ्यावर बोजा चढवून आणायचा, आणि हे पत्र अमुक तारखेपर्यंतच चालेल. हे सगळं झाल्यावर रक्कम खात्यावर जमा होते. त्याला आम्ही ‘उचल’ म्हणतो, ती वेगळी पायरी.

एका शेतकऱ्याने दुसऱ्या एका ठिकाणचं सँक्शन लेटर मिळाल्या दिवशीच ट्रॅक्टरची आगाऊ रक्कम देऊन टाकली, उसने घेऊन. उताऱ्यात भावांची नावं होती, त्यांची संमती आली नाही. पत्राची मुदत संपली, उसनवारी डोक्यावर राहिली. बाई, मुलांना कृपा करून हेही शिकवा : सँक्शन म्हणजे पैसे द्यायची तयारी, ती अटींसकट. त्यांच्या घरात तो कागद येतो तेव्हा वाचणारं तेच एक असतं.

वडगावची_बाई

ताई, नक्की शिकवते. एखादं कोरं नमुना पत्र, संस्थेचं नाव झाकून, मिळालं तर वर्गात वाचून घेईन.

पतसंस्थेतली_ताई

देते की. व्यक्तिगत निरोप पाठवा.

निपाणी_नाका

कुणीतरी देशांवरच्या सँक्शन्सचंही लिहा की. मी लिहितो.

या अर्थाला जगभर चलन मिळालं ते पहिल्या महायुद्धानंतर. राष्ट्रसंघाच्या, म्हणजे त्या युद्धानंतर झालेल्या देशांच्या संघटनेच्या, कराराच्या कलम १६ खाली १९३५ मध्ये इटलीवर आर्थिक निर्बंध घातले, कारण मुसोलिनीने ॲबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, हल्ला केला. पण तेल वगळलं, त्यामुळे फौजा काही थांबल्या नाहीत, आणि १९३६ मध्ये निर्बंध उठवले. दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीत बाईंनी मुलांना अभिमानाने सांगावं की त्या देशाशी व्यापार तोडण्यात भारत पहिला होता, १९४६ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने शस्त्रबंदी सक्तीची केली ती १९७७ मध्ये.

आणि आपल्यावरही आल्या होत्या. मे १९९८ मध्ये पोखरणला चाचण्या झाल्यावर अमेरिकेने आपल्यावर निर्बंध लादले, ते २००१ च्या सप्टेंबरमध्ये उठवले. तेव्हा मी शाळेत होतो. गुरुजींनी फळ्यावर लिहिलं होतं ‘आर्थिक निर्बंध’. माझ्या मते या अर्थाला हाच शब्द पक्का ठेवावा. ‘बहिष्कार’ नको, तो लोक स्वतःहून टाकतात.

कुंदा_मांडे

मग वाळीत टाकणं हे सँक्शनमध्ये येतं का? आमच्या आजीच्या गावात एका घराला पाणी, न्हावी, चूल सगळं बंद केलं होतं. कायद्यात कुठेही नव्हतं, पण देशांचे निर्बंध तरी वेगळे काय असतात?

मार्कंडेय

येतं. समाजशास्त्रात त्याला ‘सोशल सँक्शन’च म्हणतात. अठराव्या शतकात बेंथम नावाच्या इंग्रज विचारवंताने चार सँक्शन्स सांगितल्या : निसर्गाची, राज्याची, लोकमताची आणि धर्माची. नियमामागे उभं राहून माणसाला तो पाळायला लावणारी ताकद म्हणजे सँक्शन, मग ती सुखाची असो की दुःखाची. गिरणीवाल्यांचा दंड राज्याची, आजीच्या गावचं वाळीत टाकणं लोकमताची, हलशीचा नरक धर्माची. मात्र वाळीत टाकणं हा आज महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे कुणी विसरू नये.

सीमावासी

इतकी चर्चा झाली म्हणून विचारतो. आपला भाग १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा राष्ट्रपतींची ‘सँक्शन’ घेतली होती का? वडील नेहमी म्हणायचे, “आम्हाला कुणी विचारलं नाही, वरून मंजूर झालं.”

वकीलकाका

राज्यघटनेच्या कलम ३ मध्ये शब्द ‘सँक्शन’ नाही, ‘रेकमेंडेशन’ आहे, म्हणजे शिफारस. राज्याच्या सीमा बदलणारं विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय संसदेत मांडता येत नाही आणि त्याआधी संबंधित विधिमंडळाचं मत मागवावं लागतं. मत मागवावं लागतं, ते मानायलाच हवं असं नाही. गावातल्या माणसांची संमती त्या कलमात कुठेच नाही, तेव्हा तुमच्या वडिलांचं बोलणं नुसतं भावनेनं नव्हे, कायद्यानंही बरोबर होतं. महाराष्ट्राचा २००४ मधला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याची चर्चा इथे नको, बाईंचा धागा भरकटेल.

हलशीकर

भरकटायच्या आधी एक राहिलंय. सही-शिक्क्यांचा विषय आहे तर शिवकाळातली पद्धत सांगायलाच हवी. पत्राच्या डोक्यावर मुख्य मुद्रा आणि मजकूर संपला की खाली लहान मुद्रा, तिला मोर्तब म्हणत. त्यावर ‘मर्यादेयं विराजते’ : इथे मर्यादा आहे. म्हणजे त्याच्याखाली कुणी एक ओळ जरी वाढवली तरी ती मंजूर नाही. ‘शिक्कामोर्तब’ हा आपला शब्द त्यातून आला. गिरणीवाल्यांनी म्हटलेली मंजुरीची रेघ ती हीच.

गिरणीवाला_नंदगड

आमच्या बिलालाबी शिवकाळात नेऊन पोचवलंत की! लई भारी वाटलं.

वडगावची_बाई

सगळ्यांचे आभार. वर्गासाठी मी हे असं मांडणार आहे, कुठे खटकलं तर सांगा.

आधी मूळ अर्थ : मोडता येणार नाही असं पक्कं करणं. जोडीला ‘शासन’ आणि हलशीचा श्लोक. मग ओळखण्याची खूण. शब्द एकवचनी असेल आणि पुढे पैसा, पद, भार किंवा खटला असेल तर बहुधा मंजुरी. अनेकवचनी असेल आणि पुढे ‘अगेन्स्ट’ किंवा ‘ऑन’ येऊन देशाचं, माणसाचं नाव असेल तर निर्बंध किंवा दंड. क्रियापदाचं कर्म माणूस असेल तर मागचं-पुढचं वाक्य वाचल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही.

भाषांतराला तीन वाक्यं देणार : बँकेने दोन लाखांचं कर्ज मंजूर केलं. १९९८ मध्ये भारतावर निर्बंध लादले गेले. अधिकाऱ्यावर खटला भरायला सरकारने मंजुरी दिली.

मार्कंडेय

नेमकं आहे. फक्त ‘बहुधा’ हा शब्द फळ्यावर ठळक लिहा. ‘मॉरल सँक्शन’सारखे प्रयोग दोन्हीकडे झुकतात.

वकीलकाका

तिसरं वाक्य मला आवडलं. कलम सांगणार असाल तर आता १९७ नको. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, लागू आहे, तिच्यात ते कलम २१८ झालंय. त्यात नवी तरतूदही आहे : मंजुरीच्या मागणीवर सरकारने १२० दिवसांत निर्णय घ्यायचा, नाही घेतला तर मंजुरी दिली असं धरलं जाईल. मुलांच्या पुस्तकात जुना क्रमांक छापलेला असेल, तेवढा दुरुस्त करून द्या.